‘किरकोळ ॲटॅक’ आणि उजवीकडचा ईसीजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत हार्ट ॲटॅकवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, सोपा लिहिलाय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दुपारपर्यंत चार जणांनी त्याचा फोटो काढून टाकला. पण दोन गोष्टी खटकल्या आणि त्या लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून बसलेय. एक म्हणजे लेखात म्हटलंय की हृदयाच्या खालच्या भिंतीचा, म्हणजे इन्फिरियर ॲटॅक तुलनेने किरकोळ असतो. आणि दुसरं म्हणजे खालची ती चौकट, खिशात ठेवायच्या गोळ्यांची, छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा आणि निघा. मी डॉक्टर नाही. आयसीसीयूची सिस्टर होते, ३० वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहे. पण ‘किरकोळ’ म्हणून वॉर्डात आलेला पेशंट अर्ध्या तासात थंडगार पडलेला मी इतक्या वेळा बघितलाय की तो शब्द ऐकला की अजून पोटात गोळा येतो.

आधी घरातलंच सांगते. माझे मोठे दीर, गावाकडे असतात, शेती आणि दोन म्हशी. पाच-सहा वर्षांपूर्वी थंडीत पहाटे धार काढून आले आणि म्हणाले मळमळतंय, पोटाच्या वरच्या भागात जड जड वाटतंय. जाऊबाईंना वाटलं पित्त, रात्री वांग्याचं भरीत जास्त झालं होतं. ओव्याचं पाणी दिलं, उलटी झाली, मग दरदरून घाम. शेजारच्या गुरुजींची बायपास झालेली, त्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट कायम असते, ते पळत आले आणि चांगल्या मनाने एक गोळी भाऊजींच्या जिभेखाली ठेवली. पाच-सात मिनिटं झाली असतील, भाऊजी म्हणाले संडासला जाऊन येतो, उठले आणि मोरीच्या उंबऱ्यातच कोसळले. जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीसाठी साडी बदलत होते. नुसतं ओरडत होत्या, गेले गं गेले. मी म्हटलं आडवं झोपवा, पाय खाटेवर उंच ठेवा, बसवू नका, पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा. पाय वर केल्यावर दोन मिनिटांत डोळे उघडले.

गुरुजींना मी आजपर्यंत एका शब्दाने बोलले नाही. त्यांनी तेच केलं जे सगळीकडे छापून येतं.

झालं काय होतं ते नीट सांगते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्यांपैकी उजवी जी असते, आरसीए, ती बहुतेक लोकांत हृदयाची खालची भिंतही सांभाळते आणि वाटेत उजव्या कप्प्याला फांद्या देत जाते. शाळेच्या पुस्तकात उजवी जवनिका म्हणतात, आम्ही सरळ आरव्ही म्हणायचो. आता ही धमनी खाली शेपटाकडे बंद झाली तर फक्त खालची भिंत सापडते, पण सुरुवातीलाच, त्या फांद्यांच्या आधी बंद झाली तर उजवा कप्पाही सापडतो. असं क्वचित होतं असं नाही हां, इन्फिरियर ॲटॅकच्या पेशंटपैकी ढोबळमानाने तिघातल्या एकाला ते निम्म्यांना उजव्या कप्प्याचा थोडाफार तरी भाग असतोच. नुसता उजव्या कप्प्याचाच ॲटॅक मात्र फार कमी.

उजवा कप्पा करतो काय, तर अंगातून आलेलं रक्त फुफ्फुसाकडे ढकलतो. त्याची भिंत तीन-चार मिलिमीटर, बाजरीच्या भाकरीएवढी म्हणा, डाव्याची त्याच्या तिप्पट तरी. तो जखमी झाला की त्याच्यात जोर राहत नाही, मग मागून शिरांमधून जेवढा लोंढा येईल त्याच्या रेट्यावरच रक्त पुढे सरकतं. आणि सॉर्बिट्रेट काय करते, शिरा सैल करते, म्हणजे तो लोंढाच कमी करते. डाव्या बाजूला पुढे रक्तच पोचत नाही, डावा कप्पा धडधाकट असून उपयोग काय, विहिरीला पाणी नाही तर मोटर चांगली असून काय करणार. बीपी धाडकन खाली. वर त्यात माणूस उभा राहिला की संपलंच.

इथे एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, अलीकडचे काही अभ्यास म्हणतात की उजव्या ॲटॅकमधली सॉर्बिट्रेटची भीती आपण समजत होतो त्यापेक्षा जरा कमी आहे, बीपी इतर ॲटॅकमध्येही पडू शकतं. असेल. म्हणजे उलट मुद्दा पक्काच होतो की बीपी न बघता कोणीच ती कोणाला देऊ नये. ज्याला त्याच्या डॉक्टरने लिहून दिलीय त्याने घ्यावी, बसून किंवा आडवं होऊन घ्यावी. शेजाऱ्याची गोळी नको. आणि पुरुषांच्या त्या दुसऱ्या गोळ्या, व्हायग्रा वगैरे, ज्या कोणी घेतल्याचं कबूल करत नाही, त्या घेतल्या असतील तर सॉर्बिट्रेट मुळीच नाही, हे त्या चौकटीत एका ओळीत तरी यायला हवं होतं. ॲस्पिरिन चावून खायला सांगितलंय ते बरोबर आहे, ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर.

भाऊजींना आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे ईसीजी काढला आणि सांगितलं इन्फिरियर आहे, एवढं घाबरण्यासारखं नाही, एक बाटली लावू आणि संध्याकाळी बघू. ॲम्ब्युलन्समध्ये बीपी ७० होतं, पल्स ४२. आणि संध्याकाळी बघू! मी पुतण्याला फोनवर म्हटलं, त्यांना विनंती कर, म्हणावं उजवीकडून एक पट्टी काढा. तिथला पोरगा डॉक्टर नवीन होता, बिचारा ऐकला.

आता ही उजवीकडची पट्टी म्हणजे काय ते लिहिते कारण सगळ्या पत्राचा जीव त्यातच आहे. ईसीजीचे छातीवरचे सहा चमचे (म्हणजे ते रबरी फुगेवाले, आम्ही चमचेच म्हणायचो) असतात, त्यातला पहिला सोडला तर बाकीचे नेहमी डावीकडे लागतात. त्यातला चौथा काढायचा आणि छातीच्या उजव्या अंगाला त्याच जागी लावायचा, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली, पाचव्या फासळीखालच्या फटीत. याला व्ही-४-आर म्हणतात. जेल लावायचं, परत बटण दाबायचं. दोन मिनिटं लागतात, खर्च वीतभर कागदाचा. मशीनला बिचारीला काय माहीत चमचा कुठे हलवलाय, ती आपली व्ही-४ च छापते, म्हणून पट्टीवर बॉलपेनने ‘आर’ लिहायचा. तो लिहायचा राहिला तर पुढचा डॉक्टर गोंधळतो, त्यामुळे आमच्या युनिटला नव्या पोरींना पहिला धडा हाच, पेन खिशात पाहिजे. त्या पट्टीत रेघ एक मिलिमीटर जरी वर उचललेली दिसली की समजायचं उजवा कप्पा सापडलाय. आणि ही खूण फार वेळ थांबत नाही, दहा-बारा तासांत निम्म्या पेशंटमध्ये गायब होते. म्हणजे संध्याकाळी बघू म्हणणाऱ्याला संध्याकाळी काही दिसणार नाही, आणि तो म्हणणार बघा, नव्हतंच काही.

आमच्या सरांनी एक इंग्रजी रिसर्च पेपर झेरॉक्स करून नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर काचेखाली ठेवला होता, वर्षानुवर्षं तो तिथेच होता, कडा चहाने पिवळ्या झालेल्या. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा, १९९३ सालचा. २०० इन्फिरियर ॲटॅकचे पेशंट, त्यातल्या १०७ जणांच्या व्ही-४-आर मध्ये रेघ वर. हॉस्पिटलमध्ये असतानाच मृत्यू किती, तर ज्यांची रेघ वर होती त्यांच्यात ३१ टक्के आणि ज्यांची नव्हती त्यांच्यात ६ टक्के. एकाच नावाचा ॲटॅक, ‘इन्फिरियर’, आणि एवढा फरक. मोठी गुंतागुंत ६४ टक्के विरुद्ध २८ टक्के. सगळ्यांना एकाच मापाने किरकोळ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत. अर्थात ते दिवस वेगळे होते, ॲन्जिओप्लास्टी इतकी सर्रास नव्हती, आता आकडे एवढे वाईट नाहीत, पण दोघांमधलं अंतर अजूनही आहेच.

पण त्याच पेपरात एक दुसरी गोष्ट आहे आणि ती मी नातेवाईकांना कायम सांगायचे. जे घरी गेले त्यांचा पुढचा काळ, वर्षभर आणि पुढेही, दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणजे उजव्या कप्प्याच्या ॲटॅकचं भविष्य कसं असतं विचाराल तर असं आहे, की पहिले काही दिवस फार वाईट, आणि ते पार पडले तर पुढे बऱ्यापैकी चांगलं. डाव्या बाजूचा मोठा ॲटॅक आला की भिंत मरते, जागेवर वण राहतो, माणूस जगतो पण जिना चढताना दम लागतो, दर दोन महिन्यांनी ॲडमिट. उजवा कप्पा तसा मरत नाही सहसा, तो बधिर होतो, आणि मग काही दिवसांत, काही आठवड्यांत जागा होतो. का, तर त्याची भिंत पातळ, कामाचं प्रेशर डाव्याच्या पाचव्या हिश्शाएवढं, भूक कमी. त्याला रक्त आकुंचन आणि प्रसरण दोन्ही वेळेला मिळतं, आणि डाव्या धमनीकडूनही बारीक वाटांनी थोडं येत राहतं. गरिबाघरचं पोर म्हणा, थोडक्यात भागवतं.

गंमत म्हणजे याच गुणामुळे त्याच्याकडे दुर्लक्षही झालं. १९४३ साली अमेरिकेत आयझॅक स्टार नावाच्या डॉक्टरने कुत्र्यांच्या उजव्या कप्प्याची भिंत जाळून बघितली आणि शिरांमधलं प्रेशर काही फार वाढलं नाही, मग सगळे धरून चालले की हा कप्पा असला काय नसला काय. माणसांमधला हा ॲटॅक वेगळा ओळखायला लागतो असं नीट लिहिलं गेलं ते १९७४ ला, जे. एन. कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तीस वर्षं गेली मध्ये. आपल्याकडे काही ठिकाणी अजून चाललीच आहेत.

आणि धमनी लवकर उघडली तर काय होतं त्याचाही हिशोब आहे. १९९८ सालचा, मिशिगनमधल्या एका हॉस्पिटलचा, पेशंट फक्त ५३ पण सगळे उजव्या कप्प्याच्या ॲटॅकचे. ॲन्जिओप्लास्टीने ४१ जणांची धमनी नीट उघडली, त्यातला एक गेला. १२ जणांची उघडली नाही, त्यातले सात गेले. मुख्य धमनीच नाही, उजव्या कप्प्याच्या फांद्यासुद्धा उघडल्या पाहिजेत हेही त्यातूनच कळलं. म्हणून सांगते, ‘आपोआप सुधारतो’ ऐकून घरी बसायचं नाही. सुधारायला आधी जिवंत राहायला लागतं आणि धोका त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच असतो.

त्या दिवसांत काय काय होतं ते नातेवाईकांना माहीत असलेलं बरं, म्हणजे आयसीसीयूच्या दाराशी भांडणं कमी होतील. पल्स पडते, कारण हृदयाची लाइट ज्या मधल्या गाठीतून पुढे जाते तिला बहुतेकांत रक्त याच उजव्या धमनीचं असतं. याला डॉक्टर ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात, आणि बाहेर लोक समजतात नळीत ब्लॉकेज सापडलं. ते वेगळं. हे वायरिंगचं. मग मांडीतून किंवा मानेतून वायर टाकून तात्पुरता पेसमेकर लावतात, आमच्या भाषेत टीपीआय, तो बहुतेक वेळा काही दिवसांनी काढून टाकतात, कायमचा क्वचित लागतो. वय जास्त असेल, पेशंट शॉकमध्ये गेला असेल (म्हणजे बीपी पडून अंगाला रक्तच पुरत नसेल), ठोके बिघडले असतील, डावा कप्पाही आधीचा कमकुवत असेल तर भविष्य अवघड होतं. शॉकमध्ये गेलेल्या पेशंटची अमेरिकेत नोंद ठेवली होती, २००३ ला छापून आली, त्यात उजव्या कप्प्यामुळे शॉक झालेल्यांतले ५३ टक्के गेले, डाव्यामुळे झालेल्यांतले ६१. म्हणजे शॉक आला की उजवा-डावा फार फरक राहत नाही, आणि तेही उजवीकडचे पेशंट वयाने लहान असून.

सलाईनचंही सांगते. आपल्याकडे अशक्तपणा आला तरी बाटली लावा म्हणणारी माणसं, पण हार्टच्या पेशंटला डॉक्टर बाटली लावायला घाबरतात कारण फुफ्फुसात पाणी भरतं. इथे उलटं. इथे बीपी कमी, मानेच्या शिरा टम्म फुगलेल्या, कानापर्यंत दिसतात, आणि छातीला स्टेथो लावला तर फुफ्फुसं कोरडी ठणठणीत. हे तीन एकत्र दिसले की उजवा कप्पा. सगळ्यांत दिसत नाहीत, चार पेशंटमध्ये एकात, पण दिसले तर शंका ठेवायची नाही. अशाला सलाईन द्यायचं, अर्धा लिटर, फार तर एक, आणि थांबून बघायचं. जास्त ओतलं तर उजवा कप्पा फुगून मधला पडदा डावीकडे ढकलतो आणि होतं नव्हतं ते बीपीही जातं. मग हृदयाला जोर देणारं औषध, डोब्युटामिन वगैरे. आणि फुगलेली मान बघून लघवीचं इंजेक्शन, लॅसिक्स, देणारे महाभागही मी पाहिलेत. एका ठिकाणी रात्रपाळीला तसं दिलं गेलं, मी लघवीच्या पिशवीकडे बघत बसलेली, आधी लघवी भरभर आली, मग ताशी १० मिली, मग काहीच नाही. पहाटे चारला सरांना घरून बोलावलं. वाचला तो, पण त्याच्या बायकोचा चेहरा अजून आठवतो.

आणखी एक, इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर सगळे विचारतात ईएफ किती. ईएफ हे डाव्या कप्प्याचं माप आहे, दर ठोक्याला तो किती टक्के रक्त बाहेर ढकलतो त्याचं. भाऊजींचा ईएफ ५५ होता, नॉर्मल, आणि माणूस शॉकमध्ये! पुतण्या म्हणे काकी रिपोर्ट तर चांगला आलाय. मी विचारलं टॅप्सी लिहिलंय का बघ. उजव्या कप्प्याच्या झडपेची कडा दर ठोक्याला किती खाली येते ते माप, १७ मिलिमीटरच्या वर पाहिजे. त्यांचं ९ होतं.

त्या नव्या पोरग्या डॉक्टरने उजवीकडची पट्टी काढून व्हॉट्सॲपवर पाठवली, रेघ चांगली दोन मिलिमीटर वर. मग त्यानेच धावपळ केली, पल्स वाढवायला ॲट्रोपिन दिलं, सलाईन सोडलं आणि शहरात पाठवलं. दुखायला लागल्यापासून साडेतीन तासांत आरसीए उघडली, अगदी तोंडाशीच गुठळी होती. टीपीआय तीन दिवस होतं. तिसऱ्या रात्री दोनदा ठोके बिघडले, एकदा विजेचा शॉक द्यावा लागला. आठव्या दिवशी घरी. दीड महिन्याने इको केला तर टॅप्सी १९. आता दोन्ही म्हशी भाऊजीच बघतात, तंबाखू सुटली असं सांगतात, मला खात्री नाही.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी त्या चौकटीत दुरुस्ती छापावी. गोळीच्या आधी बीपी. आणि लेखाच्या डॉक्टरांना सांगावं की ‘किरकोळ’ च्या जागी ‘उजवीकडचा ईसीजी काढून मग ठरवा’ असं लिहा. वाचकांनाही सांगा, इन्फिरियर हा शब्द कानावर पडला की न लाजता विचारायचं, उजवीकडून काढला का. डॉक्टर चिडत नाहीत, चिडले तर दोन मिनिटं चिडतील.

आणि ईसीजीची पट्टी मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा, तो थर्मल कागद असतो, दोन-चार वर्षांत पुसतो. भाऊजींच्या फाइलमधली ती पट्टी परवा बघितली, रेघ जवळजवळ उडालीय, त्या पोराने बॉलपेनने लिहिलेला ‘आर’ तेवढा राहिलाय.

कळावे,
एक निवृत्त आयसीसीयू सिस्टर, जि. सातारा